नोड म्हणजे नक्की कोणता? डेंग्यू सिम्युलेशनच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

९ जून

आजपासून वही. आतापर्यंतचं सगळं मोबाइलच्या ग्रुपवर विखुरलंय आणि तिथं काही शोधायला गेलं की आधी ‘शुभ सकाळ’ सापडतं.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. उजनी भरलेलं असलं तरी घरापर्यंत पाळी लागते. म्हणून घरोघरी बॅरल, हौद, टाक्या. अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची मादी अंडी घालते आणि डेंग्यू पसरवते. पाण्याची पाळी पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आली, तर डेंग्यूवर काय फरक पडेल? शहरावर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून संगणकात पन्नास हजार माणसांचा एक भाग वसवलाय. त्यात घरं, घरातली बॅरलं, बॅरलातल्या अळ्या, रोजचं तापमान.

आम्ही तिघं. मी संख्याशास्त्र शिकवतो. मॅडम डॉक्टर आहेत, सार्वजनिक आरोग्यवाल्या. तिसरा माझा एमएस्सीचा विद्यार्थी. पूर्व भागातला, घरी चार माग, प्रोग्रॅम सगळा त्याचा. पुण्यातल्या एका क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या संचावर, आम्हाला खातं मिळालंय.

आजच्या पहिल्याच बैठकीत वीस मिनिटं एका शब्दावर गेली. विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, एका नोडमध्ये चाळीस कोअर आहेत.” मॅडमच्या डोक्यात नोड म्हणजे लसिका गाठ. माझ्या डोक्यात तिसरंच. ईमॉड नावाचं रोगप्रसाराचं एक खुलं सॉफ्टवेअर मी मध्यंतरी वाचत होतो. त्यात नोड म्हणजे नकाशावरची एक जागा, एखादं गाव किंवा वस्ती, जिथं माणसं आणि डास एकत्र राहतात. विद्यार्थ्याचा नोड म्हणजे क्लस्टरमधला एक अख्खा संगणक, आणि कोअर म्हणजे त्यातला एका वेळी एक काम करणारा भाग. तिघंही माना डोलवत होतो आणि तिघंही वेगळं ऐकत होतो.

ठरलं: भिंतीवर तक्ता लावायचा. नोड म्हणजे फक्त संगणक. नकाशावरच्या जागेला वस्ती. गाठीला गाठ.

१२ जून

‘क्लस्टर’ची तीच कथा. मॅडमसाठी क्लस्टर म्हणजे एका गल्लीत एकदम निघालेले रुग्ण. माझ्यासाठी सर्वेक्षणात निवडलेला समूह. लसीकरणाच्या पाहणीत तीस क्लस्टर, प्रत्येकात सात मुलं, हे आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. विद्यार्थ्याच्या वडिलांना ‘क्लस्टरवर काम चालू आहे’ सांगितलं तर त्यांना वाटलं, पोराला टेक्सटाइल क्लस्टरमध्ये नोकरी लागली. गैरसमज अजून दूर केलेला नाही म्हणे. घरात शांतता आहे.

तक्त्यावर: क्लस्टर म्हणजे जोडलेले संगणक. रुग्णांसाठी ‘झुबका’. मॅडमना झुबका शब्द फार आवडला नाही, पण दुसरा त्यांनाही सुचला नाही.

१७ जून

आज पहिल्यांदा क्लस्टरवर गेलो आणि पहिल्याच दिवशी ओरडा खाल्ला. लॉगिन केलं की आपण ज्या संगणकावर उतरतो तो लॉगिन नोड. ती ओसरी. तिथं फाइली ठेवायच्या, काम सोपवायचं आणि सरकायचं. विद्यार्थ्याने तिथंच सिम्युलेशन चालू केलं. ओसरीवर शंभर जण बसलेले, त्यात यानं चूल मांडली. अर्ध्या तासात व्यवस्थापकांची मेल, प्रोग्रॅम बंद केलेला. चूक सर्वस्वी आमची.

खरं काम कंप्यूट नोडवर होतं आणि तिथं थेट जाता येत नाही. मध्ये शेड्युलर असतो, आमच्याकडे स्लर्म. आपण त्याला चिठ्ठी द्यायची: किती कोअर, किती मेमरी, किती वेळ, कोणता प्रोग्रॅम. ही चिठ्ठी म्हणजे जॉब. तो रांगेत लावतो आणि जागा झाली की सोडतो. विद्यार्थी पटकन म्हणाला, “सर, म्हणजे जॉबर!” मागावर कुठला बीम चढवायचा, कुठला माग कधी लावायचा, बिघडला तर काय करायचं, हे बघणारा तो जॉबर. मालकसुद्धा त्याच्याशी वाद घालत नाही. स्लर्म कसा वागतो हे त्यानंतर त्याला एकदाही समजावून सांगावं लागलेलं नाही.

२० जून

आता हिशेब. पाण्याची पाळी पाच प्रकारची: रोज, २, ३, ५ आणि ७ दिवसांनी. बॅरल रिकामं करून घासण्याच्या सवयी चार प्रकारच्या. डासांची घनता तीन प्रकारची, कारण ती खरी किती हे माहीत नाही. एकूण ६० परिस्थिती. प्रत्येक २०० वेळा, कारण मॉडेलमध्ये नशीब आहे: कुणाला डास चावला, कुणाला नाही. एकूण १२,००० सिम्युलेशन.

पाच वर्षांच्या एका सिम्युलेशनला एका कोअरवर ११ मिनिटं लागतात. म्हणजे २,२०० कोअर-तास. माझ्या चार कोअरच्या लॅपटॉपवर जवळजवळ २३ दिवस, पंख्याचा आवाज ऐकत. चार नोड, म्हणजे १६० कोअर, सलग मिळाले तर १४ तासांच्या आत.

इथं विद्यार्थ्याचा एक गोड गैरसमज निघाला. त्याने एका सिम्युलेशनला चाळीस कोअर मागितले होते. लागली तीच ११ मिनिटं. प्रोग्रॅम एका कोअरपुरताच लिहिलेला. उरलेले ३९ नुसते बसून, आणि आमच्या खात्यावर चाळिसांचा वेळ लागला. एका मागावर चाळीस विणकर उभे केले म्हणून चादर लवकर निघत नाही. प्रोग्रॅम फोडून लिहिला असता तरी मर्यादा आहेच. जीन अॅमडालने १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा: कामाचा दहावा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार कोअर लावा, वेग दहापटीपलीकडे जात नाही. पण आमचं काम वेगळ्या जातीचं आहे. १२,००० सिम्युलेशनना एकमेकांशी बोलायचंच नाही. चाळीस माग, चाळीस चादरी. एका नोडवर चाळीस वेगळी सिम्युलेशन सोडायची, बस.

यासाठी स्लर्ममध्ये जॉब अॅरे आहे. एकच चिठ्ठी, खाली क्रमांक ० ते १९९. प्रत्येक प्रतीला आपला क्रमांक कळतो, त्यावरून ती आपलं काम उचलते. एका वेळी किती सुटायच्या यालाही लगाम घालता येतो. तो घाला; नाहीतर रांगेतले बाकीचे शिव्या देतात.

२४ जून

जॉब रांगेतच. ‘पेंडिंग’. कारण ‘प्रायॉरिटी’.

चूक सापडली: ११ मिनिटांच्या कामाला २४ तास मागितले होते, हाताशी असावेत म्हणून. सार्वजनिक नळावर एक जण टँकर भरायला थांबलाय आणि त्याला तिन्ही तोट्या एकदम लागतात. एक तोटी अजून चालू आहे, दोन मोकळ्या. तिसरी मोकळी होईपर्यंत घागरवाली मावशी मोकळ्या तोटीवर भरून घेऊ शकते; टँकरवाल्याचं काही बिघडत नाही. याला बॅकफिल म्हणतात. पण मावशीने ‘दहा मिनिटांत होतं’ असं सांगायला हवं. आम्ही घागर घेऊन ‘एक दिवस लागेल’ म्हणत होतो. वेळ ३० मिनिटं केली. रात्रीत निम्मे सुटले.

मात्र फार कमीही मागू नये. मर्यादा संपली की स्लर्म काम झालेलं-न झालेलं बघत नाही, तोडतो.

२७ जून

सकाळी विद्यार्थ्याने ग्रुपवर टाकलं: “रात्रीत २,४०० पूर्ण, ३१ मेल्या.” मॅडमचा लगेच फोन. आवाज बदललेला. “कुठल्या वॉर्डात?”

तक्त्यावर लाल अक्षरात: जॉब मरत नाही. जॉब ‘पडतो’. आणि ‘केस’ हा शब्द रुग्णासाठीच. परिस्थितीला केस म्हणायचं नाही.

३१ पडल्या त्या मेमरीमुळे. प्रत्येकी २ जीबी मागितली होती. मोठी साथ आली की लागण झालेल्यांची यादी फुगते आणि मेमरी ओलांडते. म्हणजे पडल्या त्या नेमक्या मोठ्या साथीच्या! त्या तशाच सोडून उरलेल्यांची सरासरी काढली असती, तर डेंग्यू आपोआप कमी दिसला असता. पडलेला जॉब हा नुसता तांत्रिक त्रास असतो असं मी आजवर समजत होतो. आता ४ जीबी, आणि पडलेल्यांची गणती झाल्याशिवाय सरासरी काढायची नाही.

सरासरीवरूनच आणखी एक. बऱ्याच सिम्युलेशनमध्ये साथ येतच नाही. दोन-चार जणांना होऊन विझते. काहींत भडकते. विझलेल्या आणि भडकलेल्यांची सरासरी काढली की येणारा आकडा कुठल्याच सिम्युलेशनमध्ये घडलेला नसतो. म्हणून दोन आकडे वेगळे द्यायचे: किती वेळा भडकली, आणि भडकली तेव्हा किती मोठी.

४ जुलै

मॅडम आषाढीच्या ड्यूटीवर पंढरपुरात. तिथून फोनवर, मागे टाळ-मृदंग चालू असताना, त्यांनी मॉडेलमधली सगळ्यात मोठी चूक काढली.

आमच्या सिम्युलेशनमध्ये मे महिन्यात डास जवळजवळ संपत होते. मी खूश होतो, म्हटलं सोलापूरचं ऊन. मॅडम म्हणाल्या, “तापमान कुठलं घातलंय?” हवामानाचं, म्हटलं, ४२-४३ अंश. “अहो सर, एडिस काय गच्चीवर बसतो का? तो कॉटखाली, बॅरलमागे, लटकवलेल्या कपड्यांत. घरातलं तापमान घाला.”

फरक साधा नाही. डासाने रुग्णाला चावल्यावर विषाणू डासाच्या लाळेपर्यंत पोचायला २५ ते २८ अंशांत ८ ते १२ दिवस लागतात. गरम झालं की हे दिवस कमी होतात, पण फार गरम झालं की डासच टिकत नाही. घरातले चार-पाच अंश इकडचे तिकडे झाले की मॉडेलचा उन्हाळा बदलतो. आत्तापर्यंतच्या सगळ्या रन, म्हणजे चालवलेली सगळी सिम्युलेशन, बाद.

बॅरलाबद्दलही त्यांनीच सांगितलं. पाणी येतं तेव्हा लोक बॅरल रिकामं करत नाहीत, वरून भरतात. खालचं पाणी, खालच्या अळ्या तशाच. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. कोरडा दिवस आठवड्याला पाळा म्हणतात तो त्याचसाठी. शिवाय अंडी बॅरलच्या काठाला चिकटलेली, कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात. नुसतं ओतून भागत नाही, घासावं लागतं. म्हणून मॉडेलमध्ये ‘ओतलं’ आणि ‘घासलं’ अशा दोन वेगळ्या घटना केल्या. कुठल्याही क्लस्टरने हे आपणहून सांगितलं नसतं.

११ जुलै

आज लाज वाटण्यासारखं घडलं. सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वर्षीचे विद्यार्थी ही वही वाचतील.

नव्या तापमानासह पहिल्या परिस्थितीच्या २०० रन परवा झाल्या. आलेख बघून मी हरखलो. अनिश्चिततेचा पट्टा इतका अरुंद! मॅडमना पाठवलासुद्धा. आज विद्यार्थ्याने पट्ट्याऐवजी २०० रेघा काढल्या. कागदावर दिसल्या सहा.

“सर, बाकीच्या कुठं गेल्या?”

कुठंच नाही. एकमेकींच्या खाली. संगणकातलं नशीब खरं नशीब नसतं. एका सुरुवातीच्या आकड्यापासून गणिताने आकड्यांची माळ काढत जातात. त्या आकड्याला सीड म्हणतात. आम्ही बीज म्हणतो. बीज तेच तर माळ तीच, साथ तीच, अगदी त्याच घरातला तोच माणूस त्याच दिवशी आजारी. विद्यार्थ्याने बीज घड्याळावरून घेतलं होतं, सेकंदात. लॅपटॉपवर एकामागून एक रन चालत, तेव्हा प्रत्येकीचा सेकंद वेगळा. क्लस्टरवर तीस-चाळीस रन एकाच सेकंदाला सुटल्या. सगळ्यांना एकच बीज. दोनशे साक्षीदार उभे केले, पण त्यात माणसं सहाच.

आता बीज घड्याळावरून नाही. एक मूळ बीज वहीत लिहिलेलं, आणि रनच्या क्रमांकाप्रमाणे त्यातून स्वतंत्र बिजं फोडायची. पायथन भाषेच्या नम्पाय या गणिती संचात याची सोय आहे. प्रत्येक निकालाच्या फाइलीत पहिल्या ओळीत बीज. त्यामुळे एखादी विचित्र रन पुन्हा जशीच्या तशी चालवून बघता येते.

मॅडमना फोन करून पट्टा मागे घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं झालं, अजून कुणाला दाखवला नव्हता.”

१९ जुलै

वॉर्म-अपचा प्रश्न. डेंग्यूचे चार प्रकार. एक झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण, बाकीच्यांपासून तात्पुरतंच. म्हणून संगणकातल्या माणसांना कोरं सोडता येत नाही. कुणाला लहानपणी एक होऊन गेलाय, कुणाला दोन, असा इतिहास हवा. त्यासाठी आधी २० वर्षं मॉडेल नुसतं चालवायचं आणि मग खरी पाच वर्षं. २५ वर्षांना ५५ मिनिटं. १२,००० वेळा केलं तर ११,००० कोअर-तास. तेवढा वाटाच आम्हाला नाही.

तोड अशी: २० वर्षांनंतरची सगळी लोकसंख्या, तिचा इतिहास, डास, सगळं फाइलीत गोठवायचं. याला सिरियलायझेशन म्हणतात. आम्ही ‘विरजण’ म्हणतो. वीस वर्षांत पाणी आजच्यासारखंच येत होतं असं धरलंय. पाळी आणि सवय नंतर बदलते. त्या वीस वर्षांत वेगळी असते ती फक्त डासांची घनता. म्हणून तीन घनता, प्रत्येकी ५० विरजणं. १५० गुणिले ४४ मिनिटं, ११० कोअर-तास. मग एका विरजणापासून प्रत्येक परिस्थितीत चार रन.

आणि इथं बीज दुसऱ्यांदा चावलं. गोठवलेल्या फाइलीत माळेची जागाही गोठवलेली होती. चारही रन तिथूनच पुढं चालू, चारही सारख्या. पण या वेळी निकालांची तुलना करणारी छोटी चाचणी आधीच लिहिलेली होती, दहा मिनिटांत सापडलं. विरजण उघडल्यावर नवं बीज द्यायचं.

तरी बिजांचा सारखेपणा एका ठिकाणी मुद्दाम ठेवलाय. पाच दिवसांची पाळी आणि दोन दिवसांची पाळी यांची तुलना करताना दोघांना तीच बिजं. दिसणारा फरक शक्यतो पाण्याचा असावा, नशिबाचा नको. पूर्ण साधत नाही. एक चावा चुकला की पुढची माळ सरकते. म्हणून हवामान, चावे आणि घरातल्या सवयी यांना वेगवेगळ्या माळा दिल्या.

२२ जुलै

वर्गात आज विषयांतर. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीची जी समीकरणं मांडली, ज्यातून निरोगी-बाधित-बरा ही आजची मांडणी आली, त्यात त्यांनी ताडून पाहिलेले आकडे मुंबईतल्या प्लेगचे होते, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. क्लस्टर नाही, कोअर नाही, हाताने काढलेला वक्र. मागच्या बाकावरून आवाज: “मग तुम्हाला १२,००० कशाला लागतात सर?” उत्तर दिलं, पण प्रश्न बरोबर होता. त्या वक्रात बॅरल नाही आणि घासणं नाही. आम्हाला नेमकं तेच विचारायचंय.

२६ जुलै

किरकोळ, पण दोन दिवस खाल्ले. प्रत्येक रन रोजची एक फाइल लिहीत होती. फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, नुसत्या आकारावर नाही, ती संपली. आता रनला एकच फाइल. दुसरं, स्क्रॅच ही तात्पुरती जागा आहे, ठराविक दिवसांनी आपोआप साफ होते. तिथं विरजण ठेवू नये. ठेवलं नव्हतं, ठेवणार होतो.

निकाल जोडणारा जॉब ‘आधीचे सगळे यशस्वी झाले तरच’ असा बांधला होता. एक पडला, तर हा जन्मभर रांगेत. आता ‘सगळे संपले की’ असा बांधलाय, आणि पहिलं काम गणती: अपेक्षित किती, आले किती, पडले कुठले.

फेअरशेअरही कळलं. गेल्या आठवड्यात भरपूर खाल्लं, म्हणून आता आमचा नंबर खाली. न्याय्य आहे. तरी चिडचिड होते.

२ ऑगस्ट

जुळवणी चालू, म्हणजे मॉडेलचे आकडे खऱ्या नोंदींशी ताडणं. अडचण मॅडमनी सुरुवातीलाच सांगितली होती: डेंग्यू झालेल्या बहुतेकांना कळतच नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला ३९ कोटी लागणी, त्यातल्या लक्षणं दिसणाऱ्या ९.६ कोटी. आणि लक्षणं दिसली तरी प्रत्येक जण तपासणीला जात नाही. विडी वळणाऱ्या बाईची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मॉडेलमधल्या ‘लागण’ची तुलना रजिस्टरमधल्या ‘केस’शी थेट करायची नाही, मध्ये नोंद होण्याची शक्यता घालायची. तक्त्यावर तीन ओळी झाल्या: लागण, आजार, नोंद.

तक्ता आता दोन कागदांचा झालाय. ‘होस्ट’ मात्र अजून अडलेला. मॅडमचा होस्ट म्हणजे विषाणू ज्याच्या अंगात राहतो तो माणूस, विद्यार्थ्याचा होस्ट म्हणजे सर्व्हर. मी ‘यजमान’ सुचवला. विद्यार्थी म्हणाला, “सर, यजमान म्हणजे मॅडमचे मिस्टर ना?” तूर्त माणसाला माणूस.

शेवटचा अॅरे संध्याकाळी साडेसहाला सोडला. ६० परिस्थिती, विरजणं तपासलेली, बिजं लिहिलेली, एका वेळी १२० चा लगाम. अवस्था: पेंडिंग, प्रायॉरिटी. उद्या आमच्याकडे पाण्याची पाळी, पहाटे साडेचारला. त्याच वेळी उठून रांग बघतो. विद्यार्थ्याने पडलेल्यांची गणती आठपर्यंत ग्रुपवर टाकायची आहे. ‘पडलेल्या’ असंच लिहून.